कापलेली पट्टी

घुशीने वॅगन-आरच्या वायरी कुरतडल्या,
दुसऱ्यांदा.
मेकॅनिक धनवडे म्हणाला,
गाडी नाही साहेब, गॅरेज दुरुस्त करा.

म्हणून शनिवारी बोहरी आळी.
गल्ल्यामागे पाटी : कापलेली पट्टी परत घेतली जाणार नाही.
तिच्याखाली दुसरी, बारीक अक्षरात : माप घरूनच आणावे.
मी आणलं नव्हतं.
हात पसरून दाखवलं, एवढं आडवं
आणि दोन्हीकडे एवढं उभं.
दुकानदाराने माझ्या हातांकडे पाहिलं
आणि काही न बोलता पंचवीस फूट कापली.

भुसारी कॉलनीत चारचं ऊन
समोरच्या बिवलकरांच्या भिंतीवर आदळून
आमच्या शटरवर येतं.
फटी बाहेरून दिसत नाहीत.
आत कुणीतरी बसावं लागतं
शटर पूर्ण ओढून.

ऋजुता म्हणाली, मी बसते.
निकालानंतरचं तिचं बहुधा चौथं वाक्य.
चटई घेतली, पाण्याची बाटली, खडूचा तुकडा.
शटर नेहमीप्रमाणे शेवटच्या वितीवर अडलं,
मग पायाने दाबलं.

डावीकडे, खाली. करंगळीएवढी.
मी रबर दाबलं, स्क्रू पिळला.
गेली.
वर एक आहे, लांब, केसासारखी.
गेली.
उजवीकडे जमीन खचलीये,
तिथून तुझी चप्पल दिसते.
अंगठा तुटलाय तिचा.
मला वाटलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी उकिडवा, गुडघे बोलतायत.
बिवलकर काका गॅलरीतून सांगतायत,
सिलिकॉनआधी पत्रा पुसून घ्यायचा असतो.
त्यांनी जन्मात सिलिकॉन लावलेलं नाही.

बाहेरून काहीच बदलत नव्हतं.
तेच शटर, तोच गंज,
‘गाडी लावू नये’मधला पुसलेला ‘नये’.
आत मात्र एकेक रेघ विझत असणार.
मला कळत होतं ते तिच्या आवाजावरून :
प्रत्येक पट्टीनिशी तो जाड होत गेला,
आधी गोधडीतून आल्यासारखा,
मग टाकीतून,
मग शब्द सुटे करता येईनात.
काय म्हणालीस?
काय?
कान लावला. पत्रा चटकला.

तेवढ्यात कुलपाच्या भोकातून
खडूचं टोक बाहेर आलं,
आत गेलं,
आणि मागोमाग तिचा आवाज, अगदी जवळून :
हे एवढं राहू दे, बाबा.
घूस येईल गं.
यातून? मुंगी येईल फार तर, तीही वाकून.

उघडू का मग?
नको. थांब.
अंधार आत्ता कुठे जमलाय.
मागच्या भिंतीवर अख्खी गल्ली पडलीये, उलटी.
तारा खाली, रस्ता वर,
बिवलकर काका वटवाघळासारखे लटकलेत
आणि अजून काहीतरी सांगतायत.
ती हसली.
टायर, रंगाचे डबे, तिची जुनी सायकल
असल्या सगळ्यात बसून हसली.

आणि मी? मी दिसतो का?
नाही. तू फार जवळ आहेस.
मागे जा जरा.

मागे गेलो. फाटकापर्यंत.
अजून?
अजून, असं वाटलं ऐकू आलं.
आता रस्त्याच्या मधोमध उभा आहे,
हातात उरलेली नऊ इंच पट्टी,
आणि एक रिक्षावाला हॉर्न देतोय.