फळ्यांखालचा केर

कॉरिगन्स फ्लॅटच्या ‘प्रॉव्हिडन्स’ हॉटेलात
मंगळवारी आम्ही बारची तक्तपोशी उचकटली.
एकशे बेचाळीस फळ्या. खिळे चौकोनी, हातानं घडलेले,
निघताना असे किंचाळले
की वरच्या मजल्यावरची सायकलवाली पाहुणी
जिन्यात येऊन उभी राहिली.

मेरिन ट्रगॉनिंग, सध्याची मालकीण, म्हणाली,
खालचा केर फेकू नका. तो माझा.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
या गावात सुताराचं पोर
चालायच्या आधी हे शिकतं.

दारावरची पाटी सांगते, स्थापना १८६४.
पाटी पितळेची. तिला तंबू आठवत नाही,
दोन पिंपांवर आडवं टाकलेलं दार,
आणि त्यामागे ऑनोरा क्विल्टी,
वय सव्वीस, नवरा नदीनं नेलेला.
एक पेला, एक चिमूट सोनं.
म्हणतात, ती नोकर ठेवायची ते बोटं बघून:
जाड अंगठ्याचा बारमागे,
बारीक बोटांचा तबेल्यात.

चिमटीतून निसटलेलं फटीत जायचं.
बुटांतून, दाढ्यांतून,
भांडणात उलट्या झालेल्या खिशांतून,
गुंजेला लाजवील इतकं थोडं, पण रोज.
शनिवारी शेवटचा दारुडा बाहेर पडला
की बाई गुडघ्यांवर यायची,
कोंबडीच्या पिसानं फटी झाडायची,
पहाटे मागच्या ओढ्यावर तवा फिरवायची.
स्वतःच्याच दुकानाची झारेकरीण.
लाकडी हॉटेल जळालं तेव्हा
तिनं राखही धुतली म्हणे,
आणि त्यातून हे दगडी उभं केलं.
निदान माझा आजा तसं सांगे.
आजा ड्रेजवर होता,
आणि ड्रेजवरचे लोक थोडं फुगवतात.

फ्लूच्या साथीत खाटा पुरेनात,
बिलियर्डच्या टेबलावर तिघांना झोपवलं.
दोघांची नावं चर्चच्या भिंतीवर आहेत.
तिसरा बरा झाला.
उठून गेलेल्यांची नावं कोण कोरतं?

पुढे ड्रेज गंजले, आगगाडी थांबली.
एका मालकानं छपराचे पत्रे विकले,
दुसऱ्यानं बारमागचा आरसा.
पायाखालचं विकायचं कोणाला सुचलं नाही.

गुरुवारी मागचं दार.
तिथला उंबरा पुढच्यापेक्षा जास्त झिजलेला,
मधोमध वाटीसारखा.
लाउ सेक-फायला पुढून येऊ देत नसत.
कोबी, बटाटे, कांद्याची पात,
एकतीस वर्षं खांद्यावर कावड;
ती खाली टेकवायची, उंबऱ्यावर बसायचं, हिशेब करायचा.
त्याचं नाव मी कबरस्तानातल्या दगडावर वाचलं.
हॉटेलच्या खातेवहीत तो ‘भाजी’ आहे.
लॉबीत चौदा जुने फोटो लावलेत.
त्यांतल्या एकात कोबी दिसतो.

तामाती, माझा शिकाऊ,
त्यानं उंबऱ्याखालची माती वेगळ्या बादलीत भरली.
मी सांगितलं नव्हतं.

ओढ्यावर दोन्ही धुतल्या.
बारच्या केरात जेमतेम तीन मासे.
उंबऱ्याच्या मातीत तळाशी एक रेघ,
नखानं ओढावी तशी,
आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा,
दोन्ही टोकांना घासलेला.

मेरिननं दोन कुप्या आणल्या.
दुसरीवर काय लिहू, विचारलं.
नाव लिही, म्हटलं.
चिठ्ठी एवढीशी, तिचं अक्षर मोठं,
‘फाय’ मागच्या बाजूला गेलं.
पेन्सिलीचं ती काही बोलली नाही.
ती तामातीच्या खिशात आहे.

नव्या फळ्या खाचेत जीभ बसवलेल्या,
वर पॉलिशचे तीन हात,
मध्ये पोस्टकार्ड शिरणार नाही.
आता लोक कार्ड टेकवून पैसे देतात,
काहीच खाली पडत नाही.

मागच्या दाराशी एक फळी
मी थोडी सैल ठेवली.
पाय पडला की वाजते.
मेरिनला वाटतं, लाकूड अजून ओलं आहे.