दोनशे तेरा नावं

व्होरूजवळच्या शाळेत, व्यायामशाळेच्या कोपऱ्यात
दोन बाकं जोडून केलेलं माझं टेबल.
बाहेर उणे अकरा.
आत येणाऱ्या प्रत्येकाच्या भुवयांवर बर्फ,
आणि पातेल्यात वाटाण्याचं सूप रटरटतंय.

माझ्याकडे दोन याद्या.
एक नावांची : ज्यानं आधी नोंदणी केली, तो वर.
दुसरी वेळांची : क्रम तोच, पण नुसते आकडे,
कुणाचे ते न सांगणारे.
दोघींमध्ये दोरा नव्हता, फक्त जागा सारखी.
सतरावं नाव, सतरावी वेळ.
एवढ्याच भरवशावर एकतीस किलोमीटरची शर्यत.

हेल्वे म्हणाली, निकाल लाव गं, सूप संपत आलंय.
मी वेळांना सांगितलं : लहानापासून मोठ्यापर्यंत उभ्या राहा.
राहिल्या. आकडे फार आज्ञाधारक.
नावांना कुणी काही सांगितलंच नाही.
इथंच घोडं पेंड खातं.

भिंतीवर पहिलं नाव उमटलं :
एंडेल कुउस्मा. एक तास एकोणतीस मिनिटं.

एंडेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.
घरी संगणक नाही, म्हणून दर ऑक्टोबरात
नोंदणीच्या पहिल्या सकाळी
वाचनालयाच्या पायरीवर सगळ्यांआधी येऊन बसणारा.
आत्ताच कुठे स्की उतरवून, लोकरी मोज्यांवर उभा.

लोक हसले. मग कुणी शिट्टी घातली,
मग टाळ्या, आणि त्या थांबेचनात.
खरा जिंकलेला ताव्हेत लेपिक
अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत स्वतःला सापडला,
दाढीतला बर्फ काढत बघत राहिला नुसता.

एंडेलनं टोपी काढली होती.
चार मिनिटं तो पडद्यासमोर होता, मी मोजली.
मग टेबलाशी येऊन हळूच म्हणाला,
"पोरी, नाव माझंच आहे.
पण ही वेळ ज्याची, त्याला दे.
मला माझी हवी.
तिच्यात माझ्या गुडघ्याचा आवाज आहे,
तळ्याकाठी सुटलेला पट्टा आहे,
अख्खा थर्मासभर चहा आहे."

कानांपर्यंत लाल झाले मी.
मूळ याद्या परत उघडल्या.
या वेळी प्रत्येक नावाच्या पदराला
त्याची त्याची वेळ बांधली, गाठ ओढून पाहिली,
मग म्हटलं, आता हला.
ज्यानं हलायचं, त्यानं आपलं ओझं घेऊन हलायचं.

ताव्हेत वर गेला.
एंडेल खाली,
खाली,
आणखी खाली,
पार तळाला.

तळाला दोन वेळा एकसारख्या, अगदी सेकंदासकट :
चार तास बावन्न मिनिटं सात सेकंद.
एक एंडेलची. एक आयेतची.
आयेत तेरा वर्षांची. तिची काठी मोडली,
आणि शेवटचे सहा किलोमीटर
तो आपली एक तिला देऊन तिच्या बरोबरीनं आला.

बरोबरी झाली की यंत्र पुढचं चाचपतं, म्हणजे नाव.
अक्षरांच्या हिशेबानं आयेत वर, एंडेल शेवटचा.
मी थांबले.
आणखी एक ओळ लिहिली :
फक्त वेळ बघ. नावाकडे बघू नकोस.
मग बरोबरीतले, मुळात जसे उभे होते
तसेच उभे राहतात.
पायरीवर जो आधी, तो आधी.

दोनशे बारा : एंडेल कुउस्मा.
दोनशे तेरा : आयेत.

"मी शेवटून पहिली!" आयेत ओरडली
आणि काळ्या पावाचा तुकडा
त्याच्याच वाडग्यात बुडवला.

पडद्याकडे आता कुणीच बघत नव्हतं.
मी बाकं वेगळी केली, वायर गुंडाळली.
दारापाशी भिंतीला टेकून
दोन जोड स्की,
आणि काठ्या तीन.