भाड्याचा धूर

रविवारी माझं यंत्र घणसोलीच्या हॉलात
नवरीच्या पायाशी ढग सोडतं.
मंगळवारी तेच, त्याच वायरीवर,
रबाळ्याच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात
नसलेल्या आगीचा धूर.

तांडेलसाहेब म्हणतात, अजून.
माझाच हात मला दिसेनासा होतो.
म्हणतात, अजून.
ह्या धुराला वास गोडसर, लग्नाचा.
खऱ्याला कसला असतो,
एकदा विचारलं साहेबांना.
त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं,
काढलं, परत लावलं.

पोरं रांगत येतात आत.
उजवा हात भिंतीला, सोडायचा नाही.
सोडलास तर खोली संपत नाही.
पाठीवरच्या हवेची घरघर,
हेल्मेट पाइपावर आपटतं, ठण्ण,
आणि कोपऱ्यात सत्तर किलो वाळूचे बंडूकाका,
आठवड्यातून दोनदा वाचणारे.

मी यंत्राशेजारी उकिडवा, तंबाखू मळत.
तेवढ्यात घोट्याला पकड.
हर्षला भोपी. दिवाळे गावची,
भरती होऊन दोन महिने.
अगं, मी धूरवाला, म्हणालो.
मुखवट्याला कान नसतात.
काखेत हात घालून ओढलं तिने मला
फरशीवरून, उंबऱ्यावरून,
एक चप्पल आतच राहिली,
उन्हात आणून टाकलं
बंडूकाकांच्या शेजारी.

सगळे हसले. मीही.
साहेब नाही हसले.
वहीत लिहिलं: सांगितला एक, काढले दोन.
तिला म्हणाले, बरोबर.
मग माझ्याकडे वळून, जरा हळू,
नाव काय हो तुमचं?
तीन वर्षं धूर देतोय मी त्यांना.

रविवारी हॉलात सनई लावलेली, रेकॉर्डवरची,
नवरी दारात, मी बटणावर.
ढग गुडघ्यापर्यंत आला, कुणाचं तरी पोर
त्यात शिरलं, दिसेनासं झालं,
हसत दुसरीकडून निघालं.
माझा उजवा हात तोवर भिंतीला लागलेला.
चाचपत गेलो,
पंक्तीच्या मागून, आइस्क्रीमच्या खोक्यांवरून,
मागच्या दारापर्यंत.
कुलूप नव्हतं.
खुर्च्या होत्या. लाल, एकात एक,
माझ्या डोक्याच्या वर.
घामाघूम होऊन काढत बसलो.

नवऱ्याकडच्यांनी पाचशे कापले.
म्हणाले, फोटोत धूर
दिसतच नाहीये.