तेरा नंबरची ओळ

हडर्सफील्डच्या क्रीडा केंद्रात
पलीकडच्या तलावाचा क्लोरीनचा वास
थेट कोर्टापर्यंत येतो.
जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, नेटबॉलच्या रेघा,
त्यांतून आपल्या वेचून घ्यायच्या.
मी टेबलापाशी बसते. लाल पेन, निळं पेन.
आठवडाभर हॉस्पिटलच्या पगारखात्यात आकडे लिहिते,
रविवारी तेच फुकट, एका चहावर.
मिरजेच्या शाळेत लंगडीत मी पहिली बाद व्हायचे.
खेळाडू मी कधीच नव्हते,
अक्षर तेवढं चांगलं.

रोवेना ग्रँडिसन, नंबर तेरा.
दोन गुणांना तिरपी रेघ,
तीनला तिच्या नंबराभोवती वर्तुळ,
फ्री थ्रोला काळा ठिपका.
सुरुवातीच्या पाचांत असेल तर फुलीला गोल.
गोल नसलेली तिची फुली
पहिल्या सहा वर्षांत मला आठवत नाही.

वडील दाराशी उभे राहायचे,
बसडेपोचा कोट घालून, ड्यूटी उरकून किंवा ड्यूटीआधी.
टाळ्या नाहीत, ओरडणं नाही.
ती फ्री थ्रोला उभी राहिली
की फक्त डोक्यावरची टोपी हातात घ्यायचे.

मग पोलंड. पुढे इटलीतलं एक गाव,
जिथे जानेवारीनंतर पगारच आला नाही
आणि मालकिणीने भाड्याऐवजी तिच्याकडून
नातवाला इंग्रजी शिकवून घेतलं.
तिथली शीटं कुणी लिहिली, मला ठाऊक नाही.
ती दोन वर्षं माझ्या फायलीत नाहीत.
हिशेबात हातचा विसरावा, तसं वाटतं अजून.

परत आली. सकाळी टायरच्या दुकानात,
संध्याकाळी सराव.
करार दोन पानांचा, पैसे पेट्रोलपुरते.
आमच्यामागून सहाला पुरुषांची मॅच असते.
त्यांची माणसं आमच्या शेवटच्या क्वार्टरलाच येतात,
खुर्च्यांवर कोट टाकतात, चिप्स उघडतात,
एकमेकांना विचारतात, अजून किती आहे?
रोवेना तेव्हाच सगळ्यात चांगली खेळायची.
मुद्दाम, असं माझं मत. विचारलं कधी नाही.

गुडघा गेला त्या दिवशी
मी निळ्या पेनाचं टोपण शोधत होते.
आधी आवाज आला.
ओली दोरी तुटावी तसा, फार मोठा नाही.
शीटवर त्या आवाजाला रकाना नाही.
मी वेळ लिहिली, बदली खेळाडूची फुली केली.
दाराशी वडील टोपी हातात धरून उभे होते,
आणि फ्री थ्रो तर नव्हताच.

चौदा महिन्यांनी ती पुन्हा बाकावर.
फुली आता उशिरा यायची, कधी यायचीच नाही.
खेळाडूने कोर्टावर पाऊल ठेवलं नाही
तर फुलीचं घर मोकळं ठेवतात.
नियम आहे. मला तो कधी जड गेला नव्हता.

शेवटची मॅच एप्रिलात. कुणी जाहीर केलं नव्हतं,
पण टायरच्या दुकानातली तिघं पोरं
ग्रीसच्या हातांनी पहिल्या रांगेत बसली होती
आणि दाराशी कुणी नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून नव्हतं.

चाळीस सेकंद उरली असताना कोचने तिला पाठवलं.
मी फुली केली, गोलाशिवाय.
चेंडू तिच्याकडे आलाच नाही.
समोरची एकोणीस वर्षांची पोर
बाजूने निसटली, वाऱ्यासारखी,
आणि रोवेनाने तिचा शर्ट धरला.
चक्क मुठीत धरला.
शिट्टी.

खेळाडू टेबलाकडे बघत नाहीत कधी.
बघितलं तर घड्याळाकडे, माझ्या डोक्यावरून.
रोवेना वळली, हसली,
आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणे, आता कुणी करत नाही तसा,
फाऊल माझा म्हणून हात वर केला.
सरळ माझ्याकडे बघून.
शाळेत हजेरी घेताना
मागच्या बाकावरची उंच मुलगी करते तसा:
हजर, बाई.

मी तिच्या ओळीत फाऊल लिहिला.
उरलेल्या चार चौकटींवर रेघ मारायची असते.
मारली. पट्टीशिवाय,
जरा वाकडी गेली.