मळी

मीठ इरफान बागवाननं वजन करून दिलं,
लिटरमागं पस्तीस ग्रॅम,
म्हणाला, घ्या, समुद्र झाला. आता सांभाळा.

खरा समुद्र इथून एक घाट उतरून.
माझा कसबा बावड्यात, दुसऱ्या मजल्यावर, फ्रिजशेजारी,
दोनशे लिटर,
दोन नारंगी मासे आणि उगाच रुसलेला एक खेकडा.

काचेखालच्या कपाटात स्किमर बसवला.
एक नळकांडं, वर निमुळती मान, मानेवर वाटी.
पंप हवा गिळतो, पाणी धारोष्ण दुधासारखं पांढरं होतं,
आणि एकेक बुडबुडा
जे डोळ्यांना दिसत नाही ते अंगाला माखून
वर चढतो.
मानेत फेस दाटायचा, वाटीत कलंडायचा,
असं कागदावर लिहिलेलं.

पहिले दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या रात्री वाटी भरून वाहिली,
फरशीवर खारं तळं, त्यात मृण्मयीचं भूगोलाचं पुस्तक.

मी उद्यमनगरात लेथवर वीस वर्षं काढली,
माझा सुतावर विश्वास.
व्हर्नियर लावून पाण्याची उंची मोजली, आठ इंच.
स्किमरखाली फरशीचा तुकडा सारला, अर्धा इंच वर घेतला.
झडप एक सूत फिरवली, थांबलो. अर्धं सूत मागं.
फेस मानेपर्यंत यायचा,
दारातल्या पाहुण्यासारखा घुटमळायचा,
परत खाली.

आण्णा कॉटवरनं बघत होते.
बघत म्हणजे, मोतीबिंदूतनं जेवढं.
एकतीस हंगाम गुळव्या होते ते,
वडणगे, चिखली, प्रयागपर्यंत
काहिलीच्या कडेला उभं राहून
रस उकळताना मळी काढायची,
भेंडीचं पाणी टाकलं की वर येते ती काळपट साय,
झाऱ्यानं, हलक्या हातानं,
पाक न ढवळता.
त्या गुऱ्हाळाच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.

म्हणाले, "सारखं काय पिळालाईस त्याला?
बसू दे की जरा. नवीन काहिलबी पयल्या दिवशी ऐकत न्हाई."

हात लावला नाही. दोन दिवस, तीन दिवस.
सातव्या दिवशी मानेत फेस उभा राहिला,
करडा, घट्ट, सावकाश.
मी मिसळ खाऊन आलेलो,
आनंदात हात घातला टाकीत, एक दगड सरळ करायला,
आणि पाच मिनिटांत
सगळा फेस खाली बसला. मेल्यासारखा.

पंप उघडला, नळी फुंकली, वायर तपासली.
आण्णा हसले, खोकत खोकत.
"तेलाचा हात घातलास नव्हं?
काहील उतू जायला लागली की
आमी तेलाचा शितोडाच मारायचो.
फेसाला तेल खपत न्हाई, लेका. थांब आता सांजपतोर."

एकतीस हंगामांत त्यांनी मला
काहिलीजवळ येऊ दिलं नव्हतं.
शीक, म्हणायचे, हे भाजायचं काम तुझं नव्हे.

संध्याकाळी फेस परत आला.
सकाळी वाटीत चहाच्या गाळासारखं दोन बोटं पाणी.
त्यांना दाखवायला नेलं तर नाक मुरडलं,
मग परत जवळ ओढलं, वास घेतला.
"ह्ये मासं रोज हेच्यात पवत हुतं?"
आमची मळी बैलं चाटायची, म्हणाले, गोड असायची.
ही कुठं टाकतोस?

मोरीत, म्हटलं. खारट आहे, झाडाला चालत नाही.

ते बराच वेळ गप्प.
मग पंपाच्या घरघरीकडं कान लावून म्हणाले,
"आवाज जड झालाय बघ. हवा कमी पडतीय."

नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा होता,
तांदळाच्या कणीएवढा.