वाल्बुर्गाकडची पाळी

ओबरफाल्झमधल्या या गल्लीत
काठीवर चांदणी टांगली,
म्हणजे या आठवड्यात बिअर वाल्बुर्गाकडे.
तिच्याच जेवणघरात बाकं,
राईचा पाव, डुकराची चरबी,
मिठाने पाणी सुटलेला मुळा.

पहिला घोट.
जरा आंबटच.
बाप दवाखान्यात, म्हणून या खेपेला
गावाच्या कढईशी पोरगा एकटाच होता.
आता दाराशी उभा राहून हात पुसतोय,
कोरडे झाले तरी.

बाकावर सगळे मुळा चावतायत.
कोर्बिनियान, ज्याची पाळी पुढच्या आठवड्यात,
मिशीवरचा फेस निपटतो,
ग्लास पुढे सरकवतो :
'भर.'

या बिअरला नाव नसतं.
आज नावं
कुणी ठेवलीही नाहीत.

वाल्बुर्गा पुठ्ठ्यावर दुसरी रेघ ओढते,
इतकी दाबून
की पेन्सिलीचं टोक मोडतं.