शेपू नको

गुलटेकडीत, कांद्याच्या गाळ्यामागे
आमची बाराजणींची भिशी.
वही एक नाही, बारा.
एकीनं भरलं की बाराजणींनी लिहायचं,
आणि मागच्या पानाची बेरीज
पुढच्या पानाच्या माथ्यावर.

परवाच्या वर्षी चंद्रभागा पासलकरनं
आपल्या वहीत, सातव्या पानावर,
पाचशेचे पंधराशे केले.
शाई तीच, वळण तेच.
आठव्याचा माथा जुळेना, नवव्याचाही.
अकरा वह्या उघडल्या.
कुणी बोललं नाही.
तिनंच चहा मागवला.

भाचा हिंजवडीत हेच करतो म्हणे,
ब्लॉकचेन म्हणतात. पगार बरा आहे.

मी म्हटलं, वहीत सगळ्यांना सगळं दिसतं,
मग झाकायचं कसं रे?
तो म्हणाला, मावशे, तुझी आकडी कुलपाची पेटी आण.
चिठ्ठीवर काहीबाही लिहिलं,
मला न दाखवता फटीतून आत टाकलं,
आणि पाठ फिरवून बसला.
मी आकडे जुळवले, वाचून दाखवलं:
"शेपू नको."
तुला आकडा येतो, हे मला कळलं, म्हणाला,
आकडा नाही कळला.

मला सातारा रोडची बँक आठवली.
कर्ज फेडेन, एवढंच पटवायचं होतं.
कारकुनानं नवरा कुठे गेला इथपासून
माझी सगळी पेटी टेबलावर उपडी करून घेतली,
मागे रांग उभी असताना.

बँकेत येईल का रे हे तुझं?
येईल, म्हणाला. कधी, ते नाही सांगितलं.
ताट वाढलं.
शेपूच केली होती.